घर-हिशेब : पस्तीस चौरस फुटांचा प्रश्न

घराच्या क्षेत्रफळाचा ताळेबंद मांडला तर स्नानगृहाच्या वाट्याला फार थोडे येते. सांगलीतील आमच्या ८५० चौरस फुटांच्या सदनिकेत मुख्य शयनगृहाला लागून असलेले स्नानगृह ७ फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे. म्हणजे एकूण जागेच्या चार टक्क्यांहून किंचित अधिक. परंतु पाणी, वीज, ऊन पाण्याची वाफ, सांडपाणी आणि साबणाने निसरडी झालेली फरशी ही सगळी मंडळी या चार टक्क्यांतच एकत्र नांदतात. दिवाणखान्याचा रंग चुकला तर फार तर पाहुणे नाक मुरडतील. स्नानगृहाचा आराखडा चुकला तर खालच्या घराचे छत गळते, किंवा घरातील वडीलधारे माणूस पडते.

वाचकहो, या दोन्ही गोष्टी आमच्या दाराशी आल्या म्हणूनच हा विषय या महिन्याच्या सदरात घेतला आहे. आमची इमारत १९९६ सालची. पावसाळ्यापूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावून त्यांच्या मोरीच्या छताला आलेला पोपडा दाखवला. तो काठीने टोचला तर सहज गळून पडेल असा होता. दुसरी गोष्ट त्याहून जवळची. आई आता ८६ वर्षांची आहे. बाबा गेल्यानंतर आम्ही उभयतांनी मोठे शयनगृह तिला दिले आणि स्वतः लहान खोलीत आलो. त्यामुळे बांधकामाच्या भाषेत ज्याला ‘मास्टर बाथरूम’ म्हणतात, ते आमच्या घरी खऱ्या अर्थाने आईचे आहे. ती अजून स्वतःच्या हाताने स्नान करते. दार लावून घेते, आणि ते आतून लावता यावे हा तिचा आग्रह आहे. हे तिचे स्वातंत्र्य आणखी किती वर्षे टिकेल, हे आता आम्ही तेथे कोणती फरशी घालतो, दार कोणत्या बाजूला उघडतो आणि आधाराला हात कोठे धरता येतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

बँकेत कर्जाच्या अर्जाची छाननी करताना आम्ही रकमेच्या आधी प्रयोजन विचारत असू. घरातही तेच करावे, अशा समजुतीने एका रविवारी सर्वांना आपापली मागणी कागदावर लिहायला सांगितले. बंगळुरूला असलेल्या चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवर नऊ छायाचित्रे पाठवली. प्रत्येकात काचेची चौकट, छतातून पडणारा पाऊस आणि भिंतीतून अधांतरी निघालेला कमोड होता. सूनबाईंना ओली आणि कोरडी जागा वेगळी हवी होती, आणि ही मागणी अत्यंत रास्त आहे. सौ.ने लिहिले, ‘गुडघा न दुखता उठता आले पाहिजे.’ आईने काही लिहिले नाही. तिने तोंडी सांगितले : बसून अंघोळ, बादली आणि तांब्या हाताशी, तेलाची वाटी ठेवायला कोनाडा, आणि आत जाताना पाय उचलावा लागू नये. चारही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा ध्यानात आले की आईची यादी सर्वांत लहान असूनही तीच सर्वांत काटेकोर होती.

मग मोजमाप. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कागदावरचे ७ बाय ५ फूट प्रत्यक्षात मिळत नाहीत. जुन्या टाइल्स काढून नवा गिलावा आणि टाइल लावली की प्रत्येक भिंत सुमारे एक इंच पुढे येते. म्हणजे हाती उरते ८२ इंच लांबी आणि ५८ इंच रुंदी. दार अरुंद बाजूला, खिडकी समोरच्या भिंतीत. दारापासून पुढे जाताना आधी वॉश बेसिन, मग कमोड आणि खिडकीखाली स्नानाची जागा असा क्रम ठेवला, तर पाण्याचा सर्वांत जास्त वापर दारापासून सर्वांत दूर राहतो. सूनबाईंची ओले-कोरडे वेगळे ठेवण्याची मागणी एवढ्यानेच बरीचशी पुरी होते. कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच मोकळे हवेत, म्हणजे त्याला ३० इंच दिले. बेसिनला २०. उरलेले ३२ इंच स्नानाला. कमोड भिंतीपासून सुमारे २७ इंच पुढे येतो, म्हणून त्याच्यासमोर ३१ इंचांची वाट उरते. तेवढ्यातून आधार देणारे माणूस बाजूने चालू शकते. हा सगळा हिशेब मी आलेखकागदावर केला. शिवाय प्रत्यक्ष फरशीवर खडूने रेघा मारून आईला त्यातून चालायला लावले. खडूची ही युक्ती कोणत्याही संगणकीय चित्राहून उपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

काचेच्या चौकटीचा प्रस्ताव येथेच मागे पडला. ३२ इंचांच्या जागेला काचेचे दार लावले तर आतल्या व्यक्तीला हात द्यायला दुसरी व्यक्ती आत शिरूच शकत नाही. शिवाय आमच्या इमारतीला नळाच्या पाण्यासोबत बोअरचे पाणी येते आणि ते जड आहे. काचेवर त्याचे पांढरे डाग आठवडाभरात उमटतात आणि ते पुसण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांनी ती छायाचित्रे पाठवलेली नसतात. असो. त्या जागी साधा पडदा लावायचे ठरले.

अधांतरी कमोडचा विचार मात्र मी गांभीर्याने केला. त्याखालची फरशी सहज पुसता येते आणि त्याची उंची आपल्याला हवी तशी ठरवता येते. पण सदनिकेच्या आतल्या भिंती बहुधा साडेचार इंची असतात. बसणाऱ्या माणसाचा भार अशा भिंतीवर सोडता येत नाही. त्यासाठी लोखंडी चौकट जमिनीवर उभी करून तिच्यापुढे सहा ते आठ इंचांचा कट्टा बांधावा लागतो आणि पाण्याची टाकी त्यात लपते. या कट्ट्याची जाडी आणि कमोडची लांबी यांची बेरीज केली तर जमिनीवरच्या साध्या कमोडइतकीच जागा अडते. शिवाय टाकीतले एखादे रबर झिजले की ते बदलण्यासाठी बोटे घालायला बटणाच्या पट्टीमागची लहानशी खिडकी काय ती मिळते. मोठ्या घरात हे शोभून दिसते. पस्तीस चौरस फुटांत त्याचा लाभ मला दिसला नाही.

उंचीचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. दुकानात गेल्यावर ज्येष्ठांसाठी म्हणून १८-१९ इंच उंचीचे कमोड दाखवले जातात. उंच बैठकीवरून उठणे सोपे जाते हे खरे, सौ.च्या गुडघ्यांना तेच सोयीचे. पण आईची उंची ४ फूट १० इंच. तिला खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचे अंतर टेपने घेतले, ते पावणेसोळा इंच भरले. १९ इंचांच्या बैठकीवर तिचे पाय लोंबकळले असते आणि पाय जमिनीला टेकत नसलेले माणूस उठताना पुढे कोलमडते. म्हणून झाकणासह १६ इंचांची बैठक निश्चित केली आणि सौ.साठी भिंतीला भक्कम दांडी. ज्येष्ठांसाठी म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू आपल्या घरातल्या ज्येष्ठाला योग्य असतेच असे नाही. टेप घेऊन दुकानात जावे. स्नानाच्या जागी भिंतीला लागून ग्रॅनाइटचा कट्टा करायचा आहे. त्याचीही उंची १६ इंच, खोली १४ इंच, पुढची कड गोल केलेली आणि वर अगदी हलका उतार, म्हणजे पाणी साचणार नाही.

दांडीविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण बहुतेक घरांत टॉवेल अडकवायच्या नळीलाच आधाराची दांडी समजले जाते. टॉवेलची नळी ओल्या टॉवेलचे वजन पेलण्यासाठी असते. घसरणाऱ्या माणसाच्या झटक्यासाठी नव्हे. आधाराची दांडी सव्वा ते दीड इंच जाडीची, भिंतीपासून दीड इंच अंतरावर आणि कमोडपाशी आडवी असेल तर जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर असावी. अंतर याहून जास्त ठेवले तर हात कोपरापर्यंत आत सरकून अडकतो. मुख्य म्हणजे तिच्या जागा टाइल लावण्यापूर्वीच ठरवायच्या. साडेचार इंची भिंतीत त्या ठिकाणच्या विटा काढून तेथे काँक्रीट भरून घ्यायचे आणि मग त्यात बोल्ट घ्यायचे. टाइल लागल्यानंतर कारागीर जे दोन प्लॅस्टिकचे गट्टू ठोकून देतो, त्यावर मी तरी आईचा भार टाकणार नाही. आम्ही तीन दांड्या ठरवल्या : कमोडजवळ एक आडवी, कट्ट्याशेजारी एक उभी आणि दारातून आत शिरताना हाताला लागेल अशी एक आखूड.

दार बाहेर उघडले पाहिजे. आत कोणी पडले आणि दार आत उघडणारे असेल, तर पडलेल्या माणसाचे शरीरच दाराला अडसर होते आणि बाहेरच्यांना ते तोडावे लागते. कडीही अशी हवी की आतून लावता येईल, पण बाहेरून नाण्याने वा किल्लीने फिरवून उघडता येईल. आईला मी हे समजावून सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले, ‘बाहेरून उघडता येते हे सगळ्यांना सांगणार का?’ मी नाही म्हणालो. त्यावर तिची संमती मिळाली.

आता काकूंच्या छताकडे वळतो, कारण खर्चाचा आणि भांडणांचा मोठा भाग तेथेच असतो. फ्लॅटमधील स्नानगृहाची स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा सुमारे फूटभर खाली घेतलेली असते. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाइप जातात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून फरशी केलेली असते. टाइल्सच्या सांध्यांतून किंवा पाइपच्या जोडातून झिरपलेले पाणी या भरावात वर्षानुवर्षे साठते. वरून फरशी कोरडी दिसते, खाली मात्र भिजलेला स्पंज असतो. पस्तीस चौरस फुटांवर फूटभर जाडीचा विटांचा भराव म्हणजे जवळजवळ एक घनमीटर, वजनाने दोन टनांच्या आसपास. भिजला की त्याहून अधिक. हे ओझे तीन दशके त्या स्लॅबवर बसले आहे आणि आतल्या सळ्यांना गंज चढवणारा ओलावाही त्यानेच धरून ठेवला आहे.

बारा वर्षांपूर्वी याच स्नानगृहात एका ठेकेदाराने जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवून ‘गळती बंद’ असा निर्वाळा दिला होता. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. फरशीची उंची त्यामुळे पाऊण इंच वाढली, उंबऱ्याजवळ ढाळ उलटा झाला आणि गळती जिथे होती तिथेच राहिली. असे काम स्वस्त पडते, लवकर होते आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकते. या वेळी सगळा भराव काढून मूळ स्लॅबपर्यंत जायचे, हे पक्के आहे.

त्यानंतरचा क्रम आमच्या ओळखीच्या जुन्या गवंड्याने सांगितला आणि एका स्थापत्य अभियंत्याने दुजोरा दिला. स्लॅब स्वच्छ करून भेगा भरायच्या. पाइप ज्या ज्या ठिकाणी भिंतीतून वा स्लॅबमधून पार जातो, तेथे न आकसणारे सिमेंट भरायचे, कारण बहुतेक गळती सपाट जागेतून नव्हे तर या भोकांतून होते. कोपऱ्यांत गोलाई द्यायची. मग जलरोधक लेपाचे दोन थर, एकमेकांना काटकोनात, आणि हा लेप भिंतीवरही फूटभर चढवायचा. स्नानाच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. थर वाळल्यावर सांडपाण्याची तोंडे बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचे, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारायची आणि ४८ तास तसेच ठेवायचे. काकूंना आधीच सांगून ठेवले आहे की त्या दोन दिवसांत त्यांनी छताकडे लक्ष ठेवावे. भराव भरून झाल्यावर, टाइलच्या आधी, हीच परीक्षा पुन्हा एकदा. नवा भराव हलक्या ब्लॉकच्या तुकड्यांचा घेणार आहोत. कोणत्याही ठेकेदाराला ही चाचणी नको असते, कारण तिला दोनदा दोन दिवस लागतात. करारात ती लिहिलेली असेल तर तो करतो.

कायदेशीर बाजूही पाहून ठेवावी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील भिंतींची, गच्चीची व सामाईक पाइपची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा. परंतु शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या आतील गळतीचा खर्च संबंधित सभासदाचा. अंतर्गत फेरबदलासाठी समितीची पूर्वपरवानगी लागते. आम्ही अर्जासोबत साधा नकाशा, कामाचा कालावधी आणि ‘कोणत्याही बीम-कॉलमला हात लावणार नाही’ असे हमीपत्र जोडले. काकूंच्या छताचा पोपडा दुरुस्त करून देण्याचा खर्चही आमच्याच अंदाजपत्रकात धरला आहे. त्यांनी तो मागितला नव्हता. राडारोडा कोठे जाणार हेही ठेकेदाराकडून लिहून घ्यावे; रात्रीच्या वेळी तो ओढ्याकाठी रिकामा करण्याची प्रथा आपल्याकडे आहे, आणि त्याला मनाई आहे हे ट्रॅक्टरवाल्यालाही ठाऊक असते.

नळजोडणीत एक मौज सांगतो. फरशीवरचे पाणी जेथून जाते त्या जाळीखालच्या भांड्याला देशभरातले अभियंते इंग्रजी पुस्तकांतही ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीघरातली न्हाणीच ती! त्या भांड्यात सुमारे दोन इंच पाणी कायम उभे राहते आणि गटाराचा वास व झुरळे यांना अडवते. म्हणून महिनाभर घर बंद ठेवून परतलात आणि स्नानगृहात दुर्गंधी आली, तर प्लंबरला बोलावण्यापूर्वी तांब्याभर पाणी ओतून पाहावे. या न्हाणीकडे जाणारा ढाळ ८० ला १ या प्रमाणात पुरतो; आमच्या ८२ इंच लांबीला साधारण एक इंच. याहून जास्त ढाळ दिला तर पाणी पळते खरे, पण म्हाताऱ्या पावलांना तो जाणवतो. एवढ्या ढाळावर उंबरा अर्धा इंचच ठेवून त्याला दोन्हीकडून उतार देता येतो. पाय उचलावा लागू नये ही आईची मागणी तेथे पुरी होते.

जुने लोखंडी पाइप आतून गंजाने निम्मे बुजले आहेत. ते सगळे काढून गरम पाण्याला सीपीव्हीसी व गार पाण्याला यूपीव्हीसी घ्यायचे. पाइप भिंतीत गाडण्यापूर्वी हातपंपाने दाब देऊन जोड तपासावेत, आणि टेप भिंतीला धरून प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे कोणीतरी आरसा टांगायला ड्रिल घेऊन येणारच. छतातून पडणाऱ्या पावसाविषयी चिरंजीवांना पत्र लिहावे लागले. दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक बार दाब मिळतो. आमच्या नळापासून गच्चीवरच्या टाकीची उंची जेमतेम सहा मीटर, म्हणजे ०.६ बार. मोठ्या तबकासारख्या शॉवरला तो अपुरा. पाऊस पडायचा तो ठिबक होईल. दाब वाढवणारा पंप बसवता येतो, पण साधा शॉवरही मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी घेतो. दहा मिनिटांत ऐंशी-शंभर लिटर. आई वीस लिटरच्या एका बादलीत स्नान करते, आणि पाणी गाळून व मोजून वापरण्याच्या ज्या संस्कारात आपण वाढलो, त्यात पाण्याचा अपव्यय हा केवळ पैशांचा प्रश्न नसतो. अखेर लवचीक नळीचा हातशॉवर घेतला. कट्ट्यावर बसून तो वापरता येतो, आणि पुढेमागे आईला कोणी स्नान घालायची वेळ आली तर तोच कामाला येईल. फ्लशची जुनी टाकी एका वेळी बारा लिटरच्या आसपास पाणी सोडते; नवी तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांची.

गिझर २५ लिटरचा होता, आता १५ लिटरचा घेणार. हिशेब असा : २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे दोन किलोवॅटच्या गिझरला एकवीस-बावीस मिनिटे. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की ४० अंशांचे ३० लिटर. एका माणसाच्या स्नानाला ते भरपूर झाले. भरलेल्या गिझरचे वजन भिंतीवर कमी येते हा आणखी एक फायदा. वीजजोडणीला स्वतंत्र १६ अँपिअरचा बिंदू, चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी. गिझरची कळ बाहेरच्या भिंतीवर. गॅसचा गिझर मात्र बंद स्नानगृहात कोणीही लावू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. माणसाला कळण्याआधीच शुद्ध हरपते.

टाइल्सचा बाजार मोठा मोहक असतो. बहुतेक माल मोरबीहून येतो आणि नमुन्यांना अंत नाही. भिंतींचा घेर २४ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून दार व खिडकी वजा करता साधारण १४८. तुटफूट धरून दहा टक्के अधिक, म्हणजे १६३. फरशीला ३५ आणि वर दहा टक्के, म्हणजे ३९. भिंतीच्या टाइल्सची निवड मी सर्वस्वी सूनबाईंवर सोपवली. काचेबाबत त्यांनी माघार घेतली होती, त्यामुळे हे न्याय्यच. फरशीची निवड मात्र माझ्याकडे ठेवली. खरखरीत पृष्ठभागाची, एक फुटी, मंद रंगाची. आणि दुकानातच तिच्यावर पाणी व साबण ओतून अनवाणी उभे राहून पाहिली. दुकानदार हसला. हसू दे. लहान टाइलला सांधे जास्त येतात आणि पावलाला पकडही जास्त मिळते. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरायचे, ते पाणी पीत नाही. पेट्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना ते पाहावे आणि एक पेटी जपून ठेवावी. पाच वर्षांनी तोच नमुना मिळत नाही. फरशीचा रंग भिंतीपेक्षा स्पष्ट वेगळा आणि कमोडचा रंग फरशीहून वेगळा असावा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही.

पैशांविषयी. आमच्या कामाचा अंदाज असा झाला : तोडफोड १२ हजार, राडारोडा वाहतूक ५, जलरोधन व भराव २०, नळजोडणी ३५, टाइल्स २५, त्या बसवण्याची मजुरी २२, कमोड-बेसिन-नळ-दांड्या-गिझर ५५, वीजकाम १२, दार व खिडकी १८. एकूण २ लाख ४ हजार. त्यावर पंधरा टक्के आकस्मिक निधी, म्हणजे ३० हजार ६००; जुन्या घरात भिंत फोडल्यावर काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही. काकूंचे छतही त्यातूनच. दर गावागणिक बदलतात, प्रमाण मात्र पाहण्यासारखे आहे : जे डोळ्यांना दिसत नाही, त्या जलरोधनाला व नळजोडणीला मिळून चौथा हिस्सा. काटकसर करायचीच असेल तर नळाच्या नक्षीत करावी, येथे नव्हे.

ठेकेदाराला रक्कम टप्प्यांनी द्यावी. सुरुवातीला २० टक्के, पाण्याची पहिली चाचणी उतरल्यावर ३०, टाइल्स पूर्ण झाल्यावर ३०, काम हाती घेताना १०, आणि उरलेले १० एक महिना वापरून पाहिल्यावर. सर्व व्यवहार बँकेतून आणि सामानाची पक्की बिले स्वतःच्या नावे. गिझर व नळांची हमी बिलाशिवाय चालत नाही. ज्यांना कर्ज काढावे लागेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे की स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावरील व्याजाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. एवढ्या रकमेसाठी क्रेडिट कार्डाचे हप्ते घेऊ नयेत, असा माझा सल्ला आहे. तारण ठेवीवरचे कर्ज बहुधा त्याहून पुष्कळ स्वस्त पडते.

कामाला चार आठवडे धरले आहेत. दशलक्षण पर्वाच्या आधी उरकावे असा घरात एक सूर होता, कारण तेव्हा पाहुण्यांची ये-जा असते. मी तो मान्य केला नाही. भर पावसाळ्यात लेप वाळत नाही आणि ओल्यावर चढवलेला थर सुटतो. दिवाळीनंतर कोरड्या हवेत सुरुवात होईल. तोवर आई बाहेरचे स्नानगृह वापरण्याचा सराव करीत आहे. तेथे तात्पुरती एक दांडी, प्लॅस्टिकचे रुंद पायांचे स्टूल आणि रात्रीचा मंद दिवा अशी सोय केली आहे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. दार बाहेर उघडायचे तर ते आईच्या कपाटावर आदळते. कपाट तिच्या लग्नातले आहे, शिसवी, आणि ते हलवायचे तर खिडकीजवळची तिची खुर्ची हलते. सुतार सरकते दार सुचवतो. पण त्याला भिंतीवर अडीच फूट मोकळी जागा हवी आणि तेथे नेमका विजेचा फलक आहे. फलक सरकवायला चार हजार सांगितले आहेत. शनिवारी वीजतंत्री आणि सुतार दोघांनाही एकाच वेळी बोलावले आहे, आणि कपाटाचे काय करायचे ते आईच सांगेल.